गावाचे स्वातंत्र्य आणि परक्याचा अर्ज

१२ मार्च २००० या दिवशी स्वित्झर्लंडमधील एमेन या गावात मतदान झाले. लुत्सर्न शहराला लागून असलेले हे गाव तसे नावालाच गाव. वस्ती २५ हजारांच्या पुढे, पोलादाचा कारखाना, कृत्रिम रेशमाची जुनी गिरणी, शेजारी लष्करी विमानतळ. त्या दिवशी मतदारांपुढे कोणी उमेदवार नव्हता. होते ते २३ अर्ज. अर्जदार आणि त्यांची मुलेबाळे मिळून ५६ माणसे. वर्षानुवर्षे तिथेच राहणारी, तिथेच कर भरणारी. त्यांना स्विस नागरिक करून घ्यायचे की नाही, हे गावाने गुप्त मतदानाने ठरवायचे होते. मतदारांच्या सोयीसाठी घरोघर एक पुस्तिका गेली होती. अर्जदार मूळचा कुठला, काम काय करतो, शिक्षण किती, कर किती भरतो, त्याला छंद कोणते, अशी सगळी माहिती तीत होती.

निकाल लागला तेव्हा ४ अर्ज मंजूर झाले होते. त्यांतली माणसे ८, आणि आठही इटालियन. बाकीच्यांना, ज्यांत बहुतेक जण पूर्वीच्या युगोस्लाव्हियातून आलेले होते, गावाने नाकारले. का नाकारले, हे विचारायची सोय नव्हती. मतपेटी आकडे सांगते, कारणे सांगत नाही.

पाश्चात्त्य लोकशाह्यांतल्या स्थलांतराच्या वादाबद्दल आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा अमेरिकेची भिंत, ब्रिटनचे ब्रेक्झिट किंवा भूमध्य समुद्रातल्या होड्या यांच्या संदर्भात. त्या चर्चेत प्रश्न असा मांडला जातो की, परके किती येऊ द्यावेत? स्वित्झर्लंडमध्ये मात्र त्याच्या आधीचा एक प्रश्न उघडावाघडा दिसतो. हे ठरवायचे कोणी? देशाने, प्रांताने की गावाने? आणि गावाने ठरवायचे तर ज्याच्याबद्दल ठरवायचे आहे त्या माणसाला गावासमोर काही हक्क आहे की नाही? दोन्ही बाजू ‘स्वातंत्र्य’ हाच शब्द वापरतात. एकीला त्यातून गावाचे स्वातंत्र्य अभिप्रेत असते, दुसरीला माणसाचे. एमेनच्या निमित्ताने या दोन अर्थांची समोरासमोर गाठ पडली. म्हणून ते प्रकरण जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे.

गावाकडे हा अधिकार आला कुठून, हे आधी समजून घ्यायला हवे. स्विस माणूस एकाच वेळी तिघांचा नागरिक असतो: आपल्या गावाचा, आपल्या कॅन्टनचा (म्हणजे प्रांताचा, असे २६ आहेत) आणि संघराज्याचा. यात पाया गावाचा. गाव स्वीकारते म्हणून कॅन्टन स्वीकारतो आणि मग देश. स्विस पासपोर्टवर जन्मस्थळ लिहिलेले नसते. तिथे मूळ गाव लिहिलेले असते. झुरिचमध्ये जन्मलेल्या, वाढलेल्या माणसाच्या पासपोर्टवर डोंगरातल्या एखाद्या खेड्याचे नाव असते आणि ते त्याने कधी पाहिलेलेही नसते. आडनावाच्या शेवटी ‘कर’ लावणाऱ्या आणि त्या गावची वाट ठाऊक नसलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. फरक एवढाच की, आपल्याकडे हे आडनावापुरते राहिले, तिथे ते कायद्यात उतरले.

कायद्यात उतरले त्याला कारण होते गरिबी. एकोणिसाव्या शतकातले स्वित्झर्लंड म्हणजे आजचे बँका आणि घड्याळांचे स्वित्झर्लंड नव्हे. कर्जाने नाडलेली, अमेरिकेला माणसे पाठवणारी ती डोंगरी खेडी होती. माणूस कुठेही राहो, तो कंगाल झाला, म्हातारा झाला, वेडा झाला की त्याच्या पोटाची जबाबदारी मूळ गावावर पडे. साहजिकच कोणाला आपला म्हणायचे हा गावाच्या तिजोरीचा प्रश्न होता. गावाची सामाईक कुरणे होती, जंगले होती. नवा नागरिक म्हणजे त्यातला एक वाटेकरी आणि उद्याचा एखादा आश्रित. म्हणून गावे दार घट्ट लावून बसत. इतके घट्ट, की कुठल्याच गावाचे नसलेले हजारो लोक देशभर भटकत असत. शेवटी १८५० साली संघराज्याला खास कायदा करून या बेघरांना गावांच्या गळ्यात बांधावे लागले. केंद्राने गावाच्या अधिकाराला मुरड घालण्याचा हा प्रकार, म्हणजे, एमेनच्या दीडशे वर्षे आधीचा. ‘आमच्या प्राचीन स्वातंत्र्यावर न्यायाधीशांनी आजच घाला घातला’ असे म्हणणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात नसते.

पुढे काळ बदलला. गरिबांच्या पोषणाची जबाबदारी मूळ गावाकडून राहत्या ठिकाणाकडे आणि कॅन्टनकडे सरकली, विमा आणि पेन्शन देशपातळीवर गेले. ज्या ओझ्यामुळे गावाला निवडीचा अधिकार मिळाला होता ते ओझे उतरले. अधिकार तसाच राहिला. माझ्या मते सगळ्या वादाची मेख इथे आहे. जबाबदारीशी बांधलेला अधिकार सुटा झाला की त्याचा पोत बदलतो. पूर्वी गाव विचारत असे, हा उद्या आमच्यावर पडेल का? आता विचारू लागले, हा आमच्यासारखा आहे का? पहिल्या प्रश्नाला निदान हिशेबाचे उत्तर होते.

दरम्यान माणसे येत होतीच. रेल्वेचे बोगदे इटालियनांनी खोदले, दुसऱ्या महायुद्धानंतरची धरणे आणि रस्तेही त्यांनीच बांधले. ३० ऑगस्ट १९६५ रोजी माटमार्क धरणाच्या कामावर हिमनदीचा कडा कोसळून ८८ कामगार मेले. त्यांतले ५६ इटालियन होते. यांतल्या असंख्य मजुरांना ‘हंगामी’ परवाना मिळे. वर्षातले ९ महिने राहायचे, मग परत जायचे. मालक बदलायचा नाही, बायकामुलांना आणायचे नाही. तरी मुले आणली जात. ती दिवसभर खोलीत लपून, आवाज न करता राहत. त्यांना जर्मनमध्ये ‘कपाटातली मुले’ असे नावच पडले. हा हंगामी परवाना २००२ मध्ये, युरोपीय संघाशी झालेल्या मुक्त संचाराच्या करारामुळे बंद झाला. तोवर अशा मुलांच्या पिढ्या मोठ्या झाल्या होत्या.

या पार्श्वभूमीवर ७ जून १९७० चे सार्वमत आले. जेम्स श्वार्झेनबाख या झुरिचच्या प्रकाशकाने आणि आपल्या पक्षाच्या संसदेतील एकुलत्या एका सदस्याने मागणी केली की, प्रत्येक कॅन्टनमध्ये परकीयांचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर नसावे. अपवाद फक्त जिनिव्हाचा, तिथे २५ टक्के. मागणी मान्य झाली असती तर ३ लाखांच्या आसपास लोकांना देश सोडावा लागला असता. सरकार, कामगार संघटना, कारखानदार, चर्च सगळे विरोधात. तरीही ४६ टक्के मते मागणीच्या बाजूने पडली. ही मते केवळ पुरुषांची होती हेही सांगायला हवे. स्विस स्त्रियांना संघराज्याच्या निवडणुकीत मताचा अधिकार मिळाला तो पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९७१ मध्ये. म्हणजे कोण आपला आणि कोण परका हे ठरवण्याची मतपत्रिका ज्यांच्या हाती होती, त्यांच्या स्वतःच्या घरातला निम्मा भाग त्या मतपत्रिकेबाहेर होता.

आता पुन्हा एमेनकडे. नाकारलेल्यांपैकी काही जण न्यायालयात गेले. ९ जुलै २००३ रोजी स्विस सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. पहिला एमेनचा. राज्यघटना मूळ वंशावरून भेदभाव करायला मनाई करते. इथे तो झाला, सबब निर्णय रद्द. दुसरा झुरिचमधून आलेला. तिथे स्विस पीपल्स पार्टीला नागरिकत्वाचे अर्ज मतपेटीने ठरवण्याची पद्धत आणायची होती. न्यायालय म्हणाले, ही पद्धतच घटनेत बसत नाही. नागरिकत्व देणे ही नुसती राजकीय पसंती नाही, तो एका माणसाच्या कायदेशीर स्थितीबद्दलचा निर्णय आहे. असा निर्णय प्रतिकूल असेल तर त्याची कारणे द्यावी लागतात. गुप्त मतदानात कारणे देता येत नाहीत.

यातली गंमत अशी की, या न्यायालयाला संघराज्याच्या संसदेचा कायदा घटनाबाह्य म्हणून रद्द करता येत नाही. तसा अधिकारच त्याला नाही. पण गावाचा निर्णय ते रद्द करू शकते. साऱ्या देशाच्या मतदारांनी मान्य केलेल्या कायद्याला जे संरक्षण आहे, ते एमेनच्या मतदारांच्या निर्णयाला नाही. निकालावर चिडलेल्यांचा राग समजून घ्यायचा तर हे ध्यानात ठेवावे लागते.

त्यांचा युक्तिवाद असा होता: मत म्हणजे मत. ज्या मताला कारण द्यावे लागते ते मत नव्हे, तो अहवाल. उद्या न्यायाधीश विचारतील, या उमेदवाराला का पाडलेत? शिवाय नागरिकत्व हा कोणाचा हक्क नाही. ज्यांच्या घरात यायचे ते घरवाले ठरवतील. हा युक्तिवाद थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ज्या समाजाला आपल्यात कोणाला घ्यायचे हे ठरवता येत नाही तो समाज स्वतंत्र म्हणवत नाही, हे खरेच आहे. पण घराची उपमा इथे लागू पडत नाही. अर्जदार दाराबाहेर उभा नव्हता. तो दहा-बारा वर्षे आत राहत होता, कर भरत होता, त्याची मुले गावच्या शाळेत होती. त्याला बाहेर काढायचे की नाही हा प्रश्नच मतदानात नव्हता. तो राहणारच होता. घरात राहणाऱ्याला घराच्या कारभारात बोलू द्यायचे की नाही, एवढाच प्रश्न होता. आणि कर, पोलीस, शाळा चालवणारे गाव म्हणजे खाजगी मंडळ नव्हे, ते राज्यसंस्थेचे एक अंग आहे. राज्यसंस्था एखाद्याला ‘नाही’ म्हणते तेव्हा तिने निदान ‘का’ हे सांगावे, एवढी अपेक्षा न्यायालयाने केली. त्या माणसांना न्यायालयाने नागरिकत्व देऊन टाकले नाही, प्रकरण परत पाठवले.

गावे खरोखर कशावरून ठरवत होती, हे पुढे मोजून पाहता आले. येन्स हाइनम्युलर आणि डॉमिनिक हांगार्टनर या दोन राज्यशास्त्रज्ञांनी १९७० ते २००३ या काळात मतपेटीने अर्ज ठरवणाऱ्या ४४ गावांतले सुमारे २४०० अर्ज तपासले. पुस्तिकांमुळे मतदाराला काय माहीत होते ते संशोधकांनाही माहीत होते. समाजशास्त्रात अशी सोय क्वचित मिळते. त्यांना दिसले की, अर्जदाराला भाषा किती येते, नोकरी काय, गावात किती मिसळला, या सगळ्यांपेक्षा तो कुठून आला यावर निकाल जास्त अवलंबून होता. बाकी सारे सारखे असताना युगोस्लाव्हिया आणि तुर्कस्तानच्या अर्जदारांविरुद्ध पडलेल्या मतांचे प्रमाण उत्तर व पश्चिम युरोपातल्या श्रीमंत देशांच्या अर्जदारांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक होते.

त्यांचा पुढचा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. निकालानंतर अनेक गावांनी हे काम मतदारांकडून काढून निवडून दिलेल्या मंडळाकडे सोपवले. लोक तेच, गाव तेच, पक्षही तेच. तरी नागरिकत्व मिळण्याचे प्रमाण सरासरी ६० टक्क्यांनी वाढले. हे मंडळ काही अधिक उदार लोकांचे नव्हते. मतदारांना जे करावे लागत नव्हते ते त्यांना करावे लागे: नकाराचे कारण कागदावर लिहावे लागे, आणि ते कारण अपिलात टिकावे लागे. पूर्वग्रह मनात असतो तोवर त्याला काही खर्च नसतो. तो वाक्य होऊन कागदावर उतरायला लागला की पुष्कळदा उतरत नाही.

याच दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मतदानात थोडक्यात पास झालेले आणि थोडक्यात नापास झालेले, ज्यांच्यात एरवी फारसा फरक नव्हता, यांची बऱ्याच वर्षांनी तुलना केली तर पास झालेले राजकीय जीवनात अधिक सहभागी झालेले दिसले. ‘आधी मिसळा, मग नागरिकत्व’ हा गावाचा क्रम होता. काही अंशी तो उलटाही चालतो, असे यातून म्हणता येते.

स्विस पीपल्स पार्टीने न्यायालयाच्या निकालाविरुद्ध लोकांकडे दाद मागितली. गावाने कोणत्या पद्धतीने ठरवायचे हे गावच ठरवील आणि तो निर्णय अंतिम असेल, अशी घटनादुरुस्ती सुचवली. १ जून २००८ रोजी मतदान झाले. जवळजवळ ६४ टक्के मतदारांनी ती फेटाळली. एकट्या श्विट्झ कॅन्टनने बाजूने कौल दिला. न्यायाधीशांनी लोकांचा अधिकार हिरावला अशी तक्रार होती, आणि लोकांनीच तो परत घ्यायला नकार दिला. इतका सरळ निकाल या देशाच्या स्थलांतराच्या इतिहासात दुर्मीळ आहे.

पण याचा अर्थ लोक उदार झाले असा नव्हे. दीड वर्षही झाले नसेल, तोच मिनारांचे सार्वमत आले. ओल्टेनजवळच्या वांगेन या गावात एका तुर्की संस्थेला आपल्या इमारतीवर ६ मीटरचा मिनार बांधायचा होता. गावच्या बांधकाम समितीने परवानगी नाकारली. कॅन्टनने गावाचा निर्णय फिरवला, न्यायालयांनी कॅन्टनची बाजू उचलून धरली आणि २००९ च्या आरंभी मिनार उभा राहिला. ज्यांना तो नको होता त्यांनी मग गावाच्या अधिकारासाठी भांडण्याऐवजी थेट राज्यघटनेत एक वाक्य घालण्याची मागणी केली: मिनार बांधायला बंदी. २९ नोव्हेंबर २००९ रोजी ५७.५ टक्के मतांनी ती मंजूर झाली. देशात तेव्हा मिनार होते ४.

परिणाम काय झाला ते पाहा. जिनिव्हा, व्हो, न्यूशातेल आणि बासल शहर या कॅन्टन्सनी बंदीविरुद्ध कौल दिला होता. आपल्या हद्दीत मिनार चालेल की नाही हे ठरवण्याचा अधिकार आता त्यांनाही उरला नाही. गावाच्या मर्जीचा मान राखावा म्हणून सुरू झालेली ओरड सगळ्या गावांची मर्जी संपवून थांबली. स्थानिक अधिकाराचा पुकारा करणारे बहुधा त्या अधिकाराशी नव्हे, त्यातून निघणाऱ्या उत्तराशी एकनिष्ठ असतात. आणि हे एकाच बाजूचे वैशिष्ट्य नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोने १९८९ मध्ये ठरवले की, शहराची यंत्रणा परदेशी लोकांना पकडण्याच्या केंद्राच्या कामाला जुंपायची नाही. तिथे स्थानिक अधिकार परक्याच्या बाजूने उभा राहिला. २०१० साली ॲरिझोना राज्याने याच अधिकाराच्या नावाने कडक कायदा केला आणि दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने त्यातली महत्त्वाची कलमे रद्द केली. जो पक्ष एकीकडे ‘शहराला ठरवू द्या’ म्हणतो, तोच दुसरीकडे ‘हा केंद्राचा विषय’ म्हणतो. वकिलाला हे शोभते. तत्त्वाची भाषा करणाऱ्याला कमी शोभते.

स्वित्झर्लंडमध्येही अधिकाराचा हा दुसरा चेहरा आहे, आणि तो जुना आहे. न्यूशातेल कॅन्टनने परदेशी रहिवाशांना गावच्या निवडणुकीत मताचा हक्क १८४९ मध्ये दिला. जुरा कॅन्टनने १९७९ मध्ये जन्मतःच तो दिला. बर्नमधल्या सरकारने यातले काही लादले नव्हते. आणखी काही कॅन्टन्स हा निर्णय गावांवर सोपवतात, आणि काही गावे हो म्हणतात. देशात आज दर चार माणसांमागे एकाहून जास्त माणसे स्विस नागरिक नाहीत, हे लक्षात घेतले तर या मताचे वजन कळते.

२०१४ च्या फेब्रुवारीतले सार्वमत बहुतेकांना ठाऊक आहे. स्थलांतरावर मर्यादा घालण्याची मागणी ५०.३ टक्क्यांनी, २० हजारांहून कमी मतांच्या फरकाने मंजूर झाली. संसदेने पुढे ती पातळ केली, कारण तसे न करता युरोपीय संघाशी केलेला करार टिकला नसता. त्यावेळी सगळ्यांनी एक गोष्ट टिपली: झुरिच, बासल, जिनिव्हा या परकीयांनी गजबजलेल्या शहरांनी विरोधात मते दिली, आणि जिथे परका शोधावा लागतो अशा खेड्यांनी बाजूने. भीती अपरिचयातून येते, असे अनुमान लगेच काढले गेले. मला ते अर्धेच पटते. तिचिनो या इटलीला लागून असलेल्या कॅन्टनने सर्वांत जास्त, ६८ टक्के मते बाजूने दिली. तिथे रोज सीमा ओलांडून हजारो इटालियन कामाला येतात. तिथल्या माणसाला परका पुरता परिचित आहे. त्याची तक्रार पगाराची आणि सकाळच्या तुंबलेल्या रस्त्यांची आहे. तिला अज्ञान म्हणणे हा शहरी विद्वानांचा सोयीचा आळस आहे.

२०१८ च्या आरंभी लागू झालेल्या नव्या नागरिकत्व कायद्याने १० वर्षांचे वास्तव्य पुरेसे धरले. त्याआधी ते १२ होते. ग्रामसभेला अर्ज ठरवता येतात, पण ते नाकारायचे तर कोणीतरी उभे राहून नकाराचा ठराव मांडावा लागतो आणि त्याचे कारण सांगावे लागते. तरीही प्रकरणे घडतात. आर्गाऊ कॅन्टनमधल्या एका खेड्याने नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या आणि वयाच्या आठव्या वर्षापासून स्वित्झर्लंडमध्ये असलेल्या एका बाईला दोनदा नाकारले. ती गाईंच्या गळ्यातल्या घंटांविरुद्ध जाहीर मोहीम चालवत असे. घंटांचा गाईंना त्रास होतो, असे तिचे म्हणणे. बोली अस्खलित, अटी सगळ्या पूर्ण. २०१७ मध्ये कॅन्टन सरकारने गावाला बाजूला सारून तिला नागरिकत्व दिले. एक प्रश्न मात्र उरतो: घंटांबद्दल गावाशी भांडणारी बाई गावात मिसळलेली नाही, की पुरती मिसळलेली आहे?

दुसरे प्रकरण श्विट्झ कॅन्टनमधल्या आर्थ गावचे. तीस वर्षे स्वित्झर्लंडमध्ये राहिलेला, स्वतःचा व्यवसाय उभारलेला एक इटालियन अर्जदार तोंडी परीक्षेत कमी पडला. त्याला विचारलेल्या प्रश्नांत एक होता जवळच्या गोल्डाऊ प्राणिसंग्रहालयातला: अस्वले कोणत्या प्राण्याबरोबर एकाच आवारात ठेवली आहेत? उत्तर होते, लांडग्यांबरोबर. ते त्याला आले नाही. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशा एखाद्या त्रुटीचे इतके वजन धरता येत नाही, माणसाचे सगळे आयुष्य तोलून पाहायला हवे. या वेळी न्यायालयाने प्रकरण फेरविचाराला परत पाठवले नाही. आर्थ गावाने त्याला नागरिकत्व द्यावे असा थेट आदेश दिला. तेव्हा त्याच्या स्विस पासपोर्टवर मूळ गाव म्हणून आर्थचेच नाव लागणार, आणि त्याच्यामागून नातवंडांच्या पासपोर्टवरही, मग ती कुठेही राहोत.